अहिंसेचा खर्च कोणाच्या नावावर? : प्रेमचंद वाचताना

एका वाचक बाईंनी विचारले आहे: "इंग्रजी अमलातल्या हिंदी कथा-कादंबऱ्या सध्या वाचते आहे. प्रेमचंदांची गरिबी, जात, सावकारी अंगावर येते. पण शेवट आला की जमीनदाराला उपरती होते, नाहीतर अधिकाऱ्याला पश्चात्ताप. मग याला वास्तववाद म्हणायचे की गांधीवादाचा प्रचार? दोन्ही एका लेखकात नांदतात कसे?"

तुम्हाला जे खटकले ते योग्य तेच खटकले. एकतीस वर्षे ग्रामीण भागातल्या महाविद्यालयात हिंदी शिकवताना हा प्रश्न मला दरवर्षी कोणीतरी विचारला. सुरुवातीची काही वर्षे मी पुस्तकी उत्तर देत असे: 'आदर्शोन्मुख यथार्थवाद'. हा शब्द खुद्द प्रेमचंदांचा. कादंबरीवरच्या निबंधात त्यांनी म्हटले आहे की यथार्थवाद आपले डोळे उघडतो, तर आदर्शवाद आपल्याला उचलून एखाद्या रम्य ठिकाणी नेऊन सोडतो. मुले ते वाक्य पाठ करायची, परीक्षेत लिहायची, गुण मिळवायची. पण त्यातून काही उलगडत नाही, हे माझ्या उशिरा लक्षात आले. लेखकाने स्वतःच्या लेखनाला दिलेले नाव म्हणजे त्या लेखनाचे स्पष्टीकरण असे धरून चालणे ही माझी चूक होती.

एका वर्षी 'सवा सेर गेहूँ' शिकवत होतो. शंकर नावाचा साधा कुणबी दारी आलेल्या साधूला जेवू घालण्यासाठी गावातल्या विप्राकडून सव्वा शेर गहू उसना आणतो. पुढे खळ्यावर वाटा देताना सव्वा शेराहून कितीतरी जास्त धान्य त्याला घालतो आणि फिटले असे समजतो. सात वर्षांनी विप्र वही काढतो, तर त्या गव्हाचे साडेपाच मण झालेले. शंकर त्याच्याकडे वेठीला बांधला जातो, वीस वर्षे राबून मरतो, आणि त्याच्या मागे मुलाच्या मानेवर जू येते. गोष्ट संपल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, यात मारामारी कुठेच नाही. पण मग माणूस मेला कसा?" त्या मुलाने माझे प्रेमचंद नव्याने उघडले. त्यांच्या लेखनात हिंसा काठीपासून सुरू होत नाही, वहीपासून सुरू होते. त्यांचा वास्तववाद म्हणजे हिशोब आहे: किती दिले, किती लिहिले, किती वसूल केले आणि कोणाच्या हाडांतून. आणि हाच हिशोब त्यांनी अहिंसेलाही लावला. एखादे पात्र सत्याग्रह करते, क्षमा करते, मार खाते, तेव्हा त्याची किंमत कोण मोजतो? हा प्रश्न हातात धरून 'प्रेमाश्रम' ते 'गोदान' वाचा. ज्याला तुम्ही शेवटाची उपरती म्हणता ती हळूहळू आटत जाताना दिसेल, आणि प्रश्न मात्र धारदार होत जाईल.

आधी एक गैरसमज दूर करतो. उपरतीचे शेवट गांधींमुळे आले, असे सर्रास सांगितले जाते. तसे नाही. 'पंच परमेश्वर' १९१६ ची कथा आहे, म्हणजे गांधींच्या चंपारण सत्याग्रहाच्या आधीची. पंचाच्या आसनावर बसताच जुम्मन शेख जुने वैर बाजूला ठेवतो, हा त्या कथेचा गाभा. 'सेवासदन' आली तेव्हा उत्तर भारतात गांधींची लाट अजून यायची होती, आणि तिथेही कोठ्यावर गेलेल्या सुमनचा प्रश्न शेवटी एका आश्रमात नेऊन सोडवलेला आहे. त्या काळच्या समाजसुधारणेच्या चळवळी, आर्यसमाजाचा संस्कार, टॉलस्टॉयच्या कथा (त्यांतल्या अनेक प्रेमचंदांनी स्वतः हिंदीत आणल्या) अशा अनेक वाटांनी हे आले आहे. माणूस मुळात सुधारू शकतो, ही त्यांची श्रद्धा गांधींच्या आधीची. गांधींनी त्यांना दिले ते वेगळेच: सामान्य माणसाने उघडपणे, सर्वांसमक्ष 'नाही' म्हणण्याची रीत.

तो क्षण त्यांच्या आयुष्यात तारखेने सांगता येतो. ८ फेब्रुवारी १९२१ रोजी गोरखपूरला गांधींची सभा झाली. श्रोत्यांत सरकारी शाळेतले मास्तर धनपतराय, म्हणजे प्रेमचंद, पत्नी आणि मुलांसह बसले होते. काही दिवसांतच त्यांनी वीस वर्षांची नोकरी सोडली. हातात दुसरे काही नव्हते आणि प्रकृती तोळामासा. याआधी 'सोज़े वतन' या उर्दू कथासंग्रहावरून कलेक्टरने त्यांना बोलावून उरलेल्या प्रती जप्त केल्या होत्या, आणि 'नवाबराय' हे नाव टाकून 'प्रेमचंद' घ्यावे लागले होते. म्हणजे 'नाही' म्हटल्याची किंमत काय असते हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. आणि जवळपास एका वर्षाने, ४ फेब्रुवारी १९२२ ला, त्याच गोरखपूर जिल्ह्यातल्या चौरीचौऱ्याला जमावाने पोलीस ठाणे पेटवले. आतले पोलीस जळून मेले आणि गांधींनी आंदोलन थांबवले. शेतकऱ्याचा राग आणि अहिंसेचे व्रत यांची ही टक्कर त्यांच्या ओळखीच्या मुलखात घडली.

'प्रेमाश्रम' त्याच १९२२ साली हिंदीत आली, पण ती उर्दूत लिहून झाली होती १९१८ ते १९२० मध्ये, असहकाराच्या आधी. हे ध्यानात ठेवून वाचा. लखनपूर गावात जमीनदार ज्ञानशंकरचा कारिंदा, म्हणजे कारभारी, ग़ौस ख़ाँ कुरणावरून मनोहर या शेतकऱ्याच्या बायकोचा अपमान करतो आणि रात्री मनोहर कुऱ्हाडीने त्याला संपवतो. प्रेमचंद मनोहरला खलनायक करत नाहीत, त्याचा संताप त्यांना आतून कळतो. पण पुढचा हिशोब मांडायलाही ते चुकत नाहीत. कुऱ्हाड एकाची, खटल्यात मात्र सारे गाव ओढले जाते. घरे उजाड होतात आणि आपल्यामुळे सगळे अडकले या जाणिवेने मनोहर तुरुंगात गळफास घेतो. हिंसा पाप आहे असे इथे कुठे सांगितलेले नाही. हिंसेचे बिल गावाच्या नावावर फाटते, एवढे दाखवले आहे. मनोहरचा मुलगा बलराज वर्तमानपत्रात वाचून सांगतो की रशियात काश्तकारांचे राज्य आले आहे. म्हणजे दुसरी वाटही लेखकाला दिसत होती. आणि मग येतो तो शेवट: ज्ञानशंकरचा मुलगा मायाशंकर जमीनदारी सोडून देतो, गाव सुखी होते. तुम्हाला हाच शेवट खोटा वाटला असणार. मलाही वाटतो. तीनशे पाने जे माणूस करू शकत नाही असे दाखवले, ते शेवटच्या काही पानांत वारसदाराच्या चांगुलपणावर सोपवले आहे.

इथे मराठी वाचकाने एक अडचण ओळखून ठेवावी. आपल्याकडे बहुतेक भागात रयतवारी होती, शेतसारा थेट सरकारात. संयुक्त प्रांतात सरकार आणि कुळ यांच्यामध्ये जमीनदार किंवा तालुकदार उभा. कोकणातली खोती आठवली तर अंदाज येईल. अवधमध्ये १८८६ च्या कायद्याने कुळाला एका वेळी सात वर्षांची शाश्वती होती. मुदत संपली की बेदखली, किंवा ती टाळायला नज़राना. शिवाय वेठ, म्हणजे बेगार. 'प्रेमाश्रम'मधली माणसे सतत कशाला घाबरतात, हे या दोन शब्दांवाचून कळत नाही: बेदखली आणि बेगार. याच अवधमध्ये १९२० च्या सुमारास कुळांना संघटित करणारे बाबा रामचंद्र मूळचे मराठी होते. फिजीला गिरमिटिया मजूर म्हणून राबून परतलेला हा माणूस रामचरितमानसाच्या चौपाया गात गावोगाव फिरे. आपल्या लोकांना हे फारसे ठाऊक नसते, म्हणून आवर्जून सांगतो.

आता 'रंगभूमि'. १९२५. माझ्या मते अहिंसेवर हिंदीत लिहिलेली ही सर्वांत मोठी कादंबरी आहे, तिच्यातल्या सगळ्या पसाऱ्यासह.

बनारसजवळच्या पांडेपुरात सूरदास नावाचा आंधळा भिकारी राहतो. जातीने चांभार. वाडवडिलांची दहाएक बिघे पडीक जमीन त्याच्या नावावर आहे, तिथे गावाची गुरे चरतात. जॉन सेवक या उद्योगपतीला तिथे सिगारेटचा कारखाना काढायचा आहे. सूरदास देत नाही. कारखाना आला की ताडी येईल, वेश्या येतील, शेतकरी शेत सोडून मजुरीला धावतील, असे तो म्हणतो. कथेचा सांगाडा एवढाच. पण सूरदास देवमाणूस म्हणून उभा केलेला नाही, हे बघा. तो बग्ग्यांच्या मागे मैलभर धावत भीक मागतो. त्याने पाचशेवर रुपये साठवले आहेत. शेजारचा भैरो त्याच्या झोपडीला आग लावून ती थैली पळवतो, तेव्हा सूरदास राख चाळत बसतो, आणि कोणी विचारले तर ती थैली आपली नव्हेच म्हणतो, कारण आंधळ्या भिकाऱ्याजवळ एवढा पैसा असणे त्यालाच लाजिरवाणे वाटते. मग तो रडतो. इतक्यात बाहेर खेळणाऱ्या मुलांमधले एक पोर दुसऱ्याला हिणवते: खेळात रडतोस! ते वाक्य सूरदासाच्या कानावर पडते आणि तो डोळे पुसून उठतो. थोड्या वेळाने त्याचा छोटा पुतण्या मिठुआ विचारतो, झोपडी परत जाळली तर? परत बांधू. आणि सौ लाख वेळा जाळली तर? तर सौ लाख वेळा बांधू.

या जागी दरवर्षी माझा आवाज थोडा अडखळायचा, आणि मी तो लपवला नाही. कारण इथे अहिंसा हे तत्त्व म्हणून आलेले नाही. आधी लोभ आहे, लाज आहे, रडणे आहे, आणि त्या सगळ्यातून वर आलेला हट्ट आहे. उपदेश करणाऱ्या पात्राला प्रेमचंदांनी असली थैली कधीच दिली नसती.

पुढचा हिशोब कडवा आहे. सूरदास हरतो. एकदा हुकूम रद्द होतो, पण वरची माणसे वशिले लावून तो पुन्हा फिरवतात. कारखाना उभा राहतो. मग मजुरांच्या घरांसाठी सगळी वस्तीच उठवली जाते. झोपडीपाशी हजारोंचा जमाव जमतो आणि क्लार्क नावाचा गोरा अधिकारी सूरदासावर गोळी झाडतो. त्याच जमावासमोर विनयसिंह हा राजघराण्यातला तरुण देशसेवक लोकांचे टोमणे सहन न होऊन स्वतःवर पिस्तूल चालवतो. हे जोडपात्र मुद्दाम ठेवलेले आहे. विनयने सेवाव्रत घेतले, राजपुतान्यात गेला, तुरुंग भोगला, आणि मग दरबाराच्या बाजूने होऊन प्रजेवरच दडपशाही केली. त्याची अहिंसा त्याच्या कुळाच्या प्रतिष्ठेला टांगलेली होती. प्रतिष्ठा हलली तशी तीही गेली. मरताना सूरदास म्हणतो तुम्ही जिंकलात, मी हरलो. तुम्ही मुरलेले खेळाडू, एकजुटीने खेळता, आम्ही आपसात भांडतो. पण आम्ही मैदान सोडून पळालो नाही, रडीचा डाव खेळलो नाही. जरा दम घेऊ द्या, पुन्हा खेळू.

यात 'आपसात भांडतो' हे शब्द निसटू देऊ नका. पांडेपूरचे लोक शेवटपर्यंत सूरदासाच्या पाठीशी एकदिलाने नव्हते. नवऱ्याच्या मारातून पळालेल्या सुभागीला त्याने आसरा दिला, तर त्याच लोकांनी त्याच्यावर बालंट आणले. अहिंसक लढ्याचा पराभव शत्रूच्या बंदुकीने होतो तितकाच वस्तीतल्या चुगलीने होतो, हे १९२५ च्या आधी कोणत्या भारतीय कादंबरीने इतक्या बारकाईने सांगितले असेल, मला आठवत नाही.

'रंगभूमि' लिहिली जात होती त्याच वर्षांत आपल्या मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध मावळे सत्याग्रह करत होते. दोन्हींचा एकमेकांवर प्रभाव पडला असे मी म्हणत नाही. पण १८९४ चा भूसंपादन कायदा दोन्हीकडे एकच होता, आणि कंपनीसाठी सरकारने जमीन घ्यायची ही युक्तीही एकच. मुळशीत सेनापती बापटांनी पुढे निव्वळ अहिंसेची वाट सोडली. सूरदासाची कथा शिकवताना मी ही गोष्ट सांगत असे, कारण मग मुले विचारत: सूरदासाने तसे केले असते तर? त्या प्रश्नावर तासभर वाद होई. कादंबरी शिकवण्याचे दुसरे प्रयोजन मला माहीत नाही.

१९३० ची वर्षे वेगळी वाचावी लागतात. मिठाचा सत्याग्रह, प्रेमचंदांचे स्वतःचे 'हंस' मासिक त्याच वर्षी सुरू झालेले, सरकारकडून जामिनाची मागणी, 'समर-यात्रा' हा कथासंग्रह जप्त, आणि शिवरानी देवी लखनौला पिकेटिंग करताना अटक होऊन तुरुंगात. घरातली बाई तुरुंगात आणि लेखक बाहेर, याची टोचणी त्यांच्या त्या काळातल्या कथांमधल्या स्त्रियांत उतरली आहे असे मला नेहमी वाटते. 'जुलूस' घ्या. मिरवणूक निघते. रस्त्यावरचे दुकानदार गप्पा मारतात की यात एकही बडा माणूस नाही. चपला विकणारा मैकू म्हणतो, बड्यांना या राज्यात कमी काय आहे? म्हातारे इब्राहिम अली पुढे असतात. दारोगा बीरबल सिंह वाट अडवतो आणि इब्राहिम घोड्याच्या टापांखाली येतात. बाजारातून चिडलेला जमाव धावत येतो, तेव्हा जखमी इब्राहिम मिरवणूक मागे फिरवायला सांगतात. त्यांना नेण्यासाठी झेंड्यांचे बांबू, फेटे आणि रुमाल बांधून डोली केली जाते. आदर्श आणि वास्तव एका वस्तूत बघायचे असतील तर ही डोली बघा.

बीरबल सिंहालाही शेवटी उपरती होते. पण ही उपरती मला पटते. ती त्याच्या घरातून आलेली आहे. त्याची बायको मिट्ठनबाई इब्राहिमांच्या अंत्ययात्रेत चालते आणि नवऱ्याकडे ज्या नजरेने पाहते ती त्याला पेलवत नाही. उपरतीचीही किंमत असते, आणि ती मोजलेली दिसली की वाचकाचा विश्वास बसतो. 'प्रेमाश्रम'च्या मायाशंकरला काहीच मोजावे लागले नव्हते. त्याच सुमाराची 'आहुति' ही छोटी कथाही सोडू नका. तिच्यात रूपमणी बजावते की स्वराज्य आल्यावरही संपत्तीचीच सत्ता राहणार असेल तर असले स्वराज्य न आलेले बरे. जॉनच्या जागी गोविंद बसला, एवढाच स्वराज्याचा अर्थ मला नको. हे १९३० साली, चळवळ ऐन भरात असताना, चळवळीच्या बाजूने उभ्या असलेल्या लेखकाने लिहिले.

'कर्मभूमि' (१९३२) मध्ये मंदिरप्रवेश, लगानबंदी, गरिबांच्या घरांचा लढा, सगळेच आहे, आणि म्हणूनच ती मला विस्कळीत वाटते. तिच्यात चपलांपाशी बसून कथा ऐकणाऱ्या अस्पृश्यांना मारहाण होते, गोळीबार होतो, सुखदा पुढे होते, आणि देवळाचे दार उघडते. १९३० च्या मार्चमध्ये नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. तो पाच वर्षे चालला आणि दार उघडले नाही. कादंबरीने जे दार काही पानांत उघडले ते आपल्या डोळ्यांसमोर बंद राहिले होते, हे मराठी वाचकाने विसरता कामा नये.

आणि मग 'गोदान', १९३६.

इथे जमीनदार रायसाहेब अमरपालसिंह हेच सत्याग्रही आहेत. काउन्सिलचे सभासदत्व सोडून तुरुंगात जाऊन आले आहेत, कुळांमध्ये त्यांना मान आहे. दुसऱ्याच प्रकरणात ते होरी या आपल्या गरीब कुळाला समोर बसवून जमीनदारी किती वाईट, आम्ही परान्नावर जगणारे कसे नासलो, हे मनापासून सांगतात. तेवढ्यात शिपाई येतो: बेगारी म्हणतात, खायला मिळाल्याशिवाय काम करणार नाही. रायसाहेबांच्या कपाळावर आठ्या चढतात आणि या दुष्टांना आत्ता सरळ करतो म्हणत ते उठतात. दोन परिच्छेदांत सगळे आले. रायसाहेब खोटे बोलत नव्हते, त्यांची तळमळ खरीच आहे. पण त्यांच्या अहिंसेचा खर्च बेगाऱ्याच्या पोटातून जातो. खादी घालणारा, तुरुंगात जाऊन आलेला गिरणीमालक खन्ना मजुरांची मजुरी कापतो, त्याचेही तसेच. 'प्रेमाश्रम'च्या लेखकाला चांगला जमीनदार हे उत्तर वाटले होते. चौदा वर्षांनी त्याने चांगला जमीनदार आणून दाखवला, आणि होरीच्या बेलारी गावात त्याने काहीही बदलत नाही.

बरेच जण होरीला अहिंसेचे प्रतीक म्हणतात. हे मला अजिबात मान्य नाही. पहिल्याच प्रकरणात होरी म्हणतो की आपली मान दुसऱ्याच्या पायाखाली दाबलेली असताना ते पाय चेपण्यातच शहाणपण आहे. ही भीती आहे. ती समजण्यासारखी आहे, पण तिला अहिंसा म्हणणे हा दोघांवर अन्याय आहे. भ्याडपणा आणि हिंसा यांतच निवड करायची तर मी हिंसा सुचवीन, असे गांधींनी १९२० सालीच लिहून ठेवले होते. होरीला बांधून ठेवते ती 'मरजाद'. हा शब्द मराठीत 'अब्रू' म्हणून आणला तर अर्धाच येतो. शेतीत जी मरजाद आहे ती चाकरीत नाही, म्हणून तो जमिनीच्या तुकड्याला चिकटतो. विधवा झुनियाला घरात घेतले म्हणून पंचायत शंभर रुपये आणि तीस मण धान्य दंड करते, आणि तो स्वतः डोक्यावरून धान्य वाहून पंचांच्या घरी पोचवतो. त्याची बायको धनिया आरडाओरडा करते, पंचांना तोंडावर सुनावते, लाच खाऊ पाहणाऱ्या दारोग्याला उघडे पाडते. हाती काठी न घेता, खरे ते चारचौघांत बोलून, परिणाम झेलायची तयारी ठेवणारी या कादंबरीत एकच व्यक्ती आहे, ती धनिया. 'गोदान'मध्ये सत्याग्रही शोधायचा तर तिच्याकडे बघा.

होरीचा मुलगा गोबर शहरातून परततो तेव्हा पंडित दातादीनच्या तीस रुपयांचे दोनशे झालेले असतात. गोबर रास्त व्याजाने सत्तर मोजायला तयार आहे. पण ब्राह्मणाचा पैसा बुडवला तर हाडे फोडून निघेल या भीतीने होरी पंडिताचे पाय धरतो. मारझोड नाही, पोलीस नाही. त्या मागच्या बाकावरच्या मुलाचा प्रश्न इथे पुन्हा भेटतो.

याच गोबरने होळीत बसवलेले सोंग मला सगळ्या 'गोदान'मध्ये सर्वांत आवडते. ठाकूर कर्जाचा दहाचा कागद लिहून घेतो आणि हातावर पाच ठेवतो. हे तर पाचच! नाही, दहा आहेत: एक नज़राण्याचा, एक लिहिणावळीचा, एक कागदाचा, एक दस्तुरीचा, एक व्याजाचा, आणि पाच रोख. मग कुणबी म्हणतो, तर हे पाचही तुमच्याकडेच ठेवा, मालक. एक धाकट्या ठकुराईनचा नज़राणा, एक तिच्या पानाला, एक थोरल्या ठकुराईनचा नज़राणा, एक तिच्या पानाला, आणि उरलेला एक तुमच्या क्रियाकर्माला. सारे गाव हसते. ज्या वहीला ते घाबरत आले तिचा हिशोब त्यांनी उघड्यावर वाचला. याचा सूड पुढे घेतला जातोच, आणि तो होरीला भोवतो.

दलित समीक्षकांनी प्रेमचंदांवर घेतलेले आक्षेप टाळून हे उत्तर पुरे होणार नाही. 'कफ़न'मधले घीसू आणि माधव आत बाळंतिणीचा जीव जात असताना बटाटे भाजून खातात, कफनाच्या पैशाची दारू पितात. त्यांना चांभार का केले, असे डॉ. धर्मवीर आणि इतरांनी विचारले. 'रंगभूमि'त सूरदासाच्या जातीचा उल्लेख ज्या तऱ्हेने येतो त्यावरून २००४ साली दिल्लीत ती कादंबरी जाळली गेली. पुस्तक जाळणे मला मान्य नाही, पण वेदना खरी आहे आणि 'कफ़न'बद्दलचा प्रश्न रास्त आहे. वर्गात मी तो दाबला नाही. एवढेच म्हणेन की त्याबरोबर 'सद्गति' वाचावी. पंडिताच्या दारात उपाशीपोटी ओंडका फोडताना दुखी चांभार कोसळून मरतो. मग हे सारे पाहणारा एक गोंड चांभारवाड्यात जाऊन सांगतो: खबरदार, प्रेत उचलायला कोणी जायचे नाही. आणि कोणी जात नाही. प्रेत पाण्याच्या वाटेवर पडून राहते, कुजू लागते. पहाटे पंडित दोरीचा फास पायात अडकवून ते गावाबाहेर ओढत नेतो. मेलेली ढोरे ओढण्याचे काम सोडा, असे बाबासाहेब आपल्याकडे सांगत होते ते हेच दिवस. 'सद्गति'मध्ये कोणाला उपरती होत नाही. एका वस्तीने एक दिवस काम नाकारले, आणि ज्याने आयुष्यभर ओझे दुसऱ्यावर टाकले त्याला ते स्वतः ओढावे लागले. असहकाराची याहून नेमकी कथा मला माहीत नाही, आणि तिच्यात गांधींचे नावही नाही.

प्रेमचंदांखेरीज कोण, हे थोडक्यात. जैनेंद्रकुमारांनी अहिंसा रस्त्यावरून मनाच्या आत नेली. 'त्यागपत्र' (१९३७) मधली मृणाल समाजाला मोडत नाही, स्वतः मोडत जाते, आणि तिचा भाचा न्यायाधीशपदाचा राजीनामा देतो. ही कादंबरी मला थोर वाटते आणि अस्वस्थही करते, कारण इथेही किंमत बाईच मोजते. सियारामशरण गुप्त खरे गांधीवादी, मृदू, 'नारी' वाचा. यशपाल मात्र क्रांतिकारकांच्या सशस्त्र गटातून आलेले, तुरुंगातून १९३८ ला सुटलेले. त्यांची 'दादा कामरेड' (१९४१) अहिंसा आणि गुप्त पिस्तूल या दोन्ही वाटांना प्रश्न विचारून मजुरांच्या संघटनेकडे वळते. अज्ञेयांची 'शेखर' हा वेगळाच विषय आहे.

वाचायचा क्रम विचाराल तर 'सवा सेर गेहूँ', 'जुलूस', 'सद्गति', मग 'रंगभूमि', मग 'गोदान'. 'प्रेमाश्रम' नंतर. शक्यतो मूळ हिंदीतच वाचा. मराठी वाचकाला चार पानांत सवय होते. 'गोदान'चा शेवट वाचताना घाई करू नका. खडी वाहताना ऊन लागून होरी कोसळला आहे, लोक म्हणतात गोदान करा. धनिया आत जाते, सुतळी विकून आलेले वीस आणे आणते, नवऱ्याच्या थंड हातावर ठेवते आणि समोर उभ्या दातादीनला सांगते: महाराज, घरात ना गाय आहे, ना वासरू, ना पैसा. हेच पैसे आहेत, हेच यांचे गोदान.

त्यानंतर प्रेमचंदांनी 'मंगलसूत्र' लिहायला घेतली. तिच्यातला म्हातारा, आयुष्यभर आदर्श जपलेला लेखक देवकुमार विचार करतो की श्वापदांमध्ये राहायचे तर लढायला हत्यार बांधावे लागेल. त्यांच्या पंजाला बळी पडणे हे देवपण नव्हे, जडपण आहे. चार प्रकरणे झाली होती. ८ ऑक्टोबर १९३६ ला लेखकच गेला. देवकुमार पुढे काय करतो, ते लिहायचे राहिले.